बॅगांचा काटा

रुवीतल्या आमच्या घरात वजनकाटा आला
तो बॅगांसाठी.
तीस किलो, वर हातातले सात.
बॅग उचलून मी काट्यावर उभी राहायची,
मोरेश्वर वाकून आकडा वाचायचा
आणि त्यातून मला वजा करायचा.
एकोणीस वर्षं मी छप्पन्न किलो होते,
हिशेबापुरती.

मग डाव्या बाजूला ते सापडलं, वाटाण्याएवढं.
सोललेल्या वाटाण्याएवढं;
डॉक्टर नीट विचारतात.

ऑपरेशननंतरच्या कागदात, तिसऱ्या पानावर,
काढलेल्या भागाचं वजन होतं:
चारशे बारा ग्रॅम.
मोरेश्वरनं पान पटकन दुमडलं.
मला आठवलं, बॅगेत एवढीच जागा उरली
की आम्ही खजुराचं एक खोकं टाकायचो.

केमोत तोंडाची चव म्हणजे
पन्नास बैशांचं नाणं चोखत बसावं तशी.
स्टीलचा चमचा ओठाला लागला की पोट ढवळायचं.
खालच्या मजल्यावरच्या नफिसा मुकादमनं,
श्रीवर्धनची ती,
लाकडी चमचा आणून दिला, आणि घावन.
तेवढा आत राहायचा.
बाकीचं सगळं परत.

आणि त्या गोळ्यांच्या रात्री.
पहाटे तीनला लागायची ती भूक माझी नव्हती,
कुणी भाडेकरू घालून गेल्यासारखी.
फ्रिजच्या उजेडात उभ्या उभ्या
थंड भात, लोणच्याचा खार,
ऋताच्या डब्यात परत आलेला पराठा.
रडू यायला हवं होतं.
पण खार लागत होता जिभेला,
मी आणखी एक घास घेतला.

सगळ्यांना वाटलेलं, ही वाळणार.
मलाही. ब्लाउज आत घ्यायचे किती घेशील,
शिंप्याला विचारून ठेवलं होतं.
सदुसष्ट झाले.

व्हिडिओ कॉलवर पुष्पावन्सं म्हणाल्या,
"अगोबाई, तब्येत सुधारली की गं!"
आपल्याकडे तब्येत सुधारते ती गालांवरून.
मी हो म्हटलं.
काळी पडलेली नखं
पडद्याच्या खाली धरून ठेवली.

बुथैना, दवाखान्यातली आहार सांगणारी,
माझ्या मुलीहून चार वर्षांनी मोठी असेल.
मोडक्या हिंदीत विचारते, काल काय खाल्लं.
का खाल्लं, ते नाही विचारत.
तिचं माप हातावर:
डाळ मूठभर, मासा तळव्याएवढा.
"आपका हाथ, मेरा नहीं."
डावा सुजलाय म्हणून
मी उजवा पुढे केला.

चाळीस मिनिटं चाला, म्हणाली.
बाहेर पंचेचाळीस अंश.
म्हणून हायपरमार्केटमध्ये चालते,
तांदळाच्या पोत्यांपासून निघून
गोठलेल्या कोंबड्यांना वळसा,
रिकामी गाडी ढकलत.
दारावरचा नेपाळी पोरगा आता हसतो.
रोज येऊन काहीच न घेणारी बाई.

मंगळवारी मात्र किंगफिश घेतला.
म्हणजे आपली सुरमई.
तळली नाही, आमसूल घालून कालवण केलं.
चाखायचा धीर नव्हता, मीठ हातानंच टाकलं.
ऋता ताटातून मान वर न करता म्हणाली,
"आज बरोबर पडलंय."

गुरुवारचं विमान आहे.
डाव्या हातानं जड काही उचलायचं नाही,
म्हणून या वेळी बॅग घेऊन
मोरेश्वर काट्यावर चढला.
एकशे बारा.
"माझं किती धरू?" म्हणाला.
त्याला ठाऊकच नव्हतं.
बॅग खाली ठेवून पुन्हा चढला: त्र्याऐंशी.
"तब्येत सुधारलीय," मी म्हटलं,
आणि आम्ही इतके हसलो
की टाक्यांच्या जागी कळ आली.

तो उतरला, मी चढले.
हातात काही नाही.
आकडा जरा वेळ हलत राहिला.
त्यानं सवयीनं पेन्सिल उचलली होती,
ती तशीच
हातात धरून उभा राहिला.